नगरपालिकांचं दीर्घकालीन मालमत्ता नियोजन: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या नगरपालिकांना त्यांच्या मालमत्तांची यादी आणि पुढच्या वर्षांचा आराखडा करायला मदत करतो. या निमित्ताने अभियंते, लेखापाल, नगरसेवक, तालमीचे (पेठेतल्या मंडळांचे) कार्यकर्ते आणि वैतागलेले नागरिक भेटतात, फोन करतात, आणि बहुतेकदा तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या कामाचा तेवढाच प्रश्न वाचलात तरी चालेल.

१. मालमत्ता व्यवस्थापन म्हणजे घरफाळ्याचंच काही आहे का?

नाही. हा घोळ नावामुळे होतो. पालिकेच्या संदर्भात ‘मालमत्ता’ म्हटलं की आपल्याला घरफाळा आठवतो, म्हणजे लोकांच्या मालमत्तेवरचा कर. इथे विषय पालिकेच्या स्वतःच्या मालमत्तेचा आहे. पाण्याच्या टाक्या, जमिनीखालच्या नळ्या, रस्ते, गटारं, मोऱ्या, दिव्याचे खांब, शाळा, दवाखाने, बागा, स्मशानभूमी, गाळे, अग्निशमनाचे बंब, केएमटीच्या (शहर वाहतुकीच्या) बस, हे सगळं त्यात येतं. यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी झिजणार, फुटणार, बंद पडणार. ती बंद पडण्याआधी काय करायचं, केव्हा करायचं आणि त्याचा पैसा कुठून येणार, हे बरीच वर्षं आधी ठरवून ठेवणं म्हणजे हे नियोजन.

२. इस्टेट विभाग आहे, पवडी (बांधकाम विभाग) आहे, पाणीपुरवठा आहे. मग हे काम नेमकं कुणाचं?

तिघांचंही, आणि लेखा विभागाचंही. अडचण अशी की प्रत्येकाकडे आपापला तुकडा असतो. इस्टेटकडे गाळे आणि जागा, पवडीकडे रस्ते, पाणीपुरवठ्याकडे नळ्या, वर्कशॉपकडे गाड्या. लेखा विभागाकडे सगळ्याचे आकडे असतात, पण वस्तू प्रत्यक्षात कुठे आहे आणि कशी आहे हे त्यांना माहीत नसतं. पवडीने रस्ता केला आणि तीन महिन्यांत पाणीपुरवठ्याने तोच उकरला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं मूळ या तुकड्यांतच आहे. माझा सल्ला एवढाच, की नवा विभाग काढू नका. एका वरिष्ठ अभियंत्याला आणि एका लेखापालाला जोडीने जबाबदारी द्या आणि महिन्यातून एकदा सगळ्या विभागांना एका टेबलावर बसवा.

३. दीर्घकालीन म्हणजे किती वर्षं?

जगात याची वेगवेगळी उत्तरं आहेत. न्यूझीलंडमध्ये २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर स्थानिक संस्थांना किमान ३० वर्षांचं पायाभूत सुविधांचं धोरण मांडावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२० च्या स्थानिक शासन कायद्याने किमान १० वर्षांचा मालमत्ता आराखडा बंधनकारक केला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१७ च्या नियमाने हे काम टप्प्याटप्प्याने करायला लावलं. आधी रस्ते, पूल, पाणी आणि सांडपाणी, मग बाकीचं.

आपल्याकडे मी तीन मुदती एकत्र चालवायला सांगतो. नळ्या आणि पूल यांच्यासाठी ३० वर्षांचं चित्र, पैशासाठी १० वर्षांचं, आणि पुढच्या ३ वर्षांची कामं नावानिशी. तिसाव्या वर्षाचा आकडा ढोबळच असणार, त्यात काही चूक नाही. पण २०४० च्या आसपास एकाच वेळी पाच टाक्या म्हाताऱ्या होणार आहेत, हे आज कळलं तर त्यातली एक लवकर आणि एक उशिरा घेता येते.

४. आपल्या कायद्यात हे सक्तीचं आहे का?

महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे आणि कागल, गडहिंग्लज, मुरगूड, पन्हाळा यांसारख्या नगरपालिकांना १९६५ चा अधिनियम. पाणी, गटारं, रस्ते, दिवे ही बंधनकारक कर्तव्यं दोन्हीकडे आहेत. न्यूझीलंडसारखं ३० वर्षांच्या आराखड्याचं वेगळं कलम मात्र त्यात नाही. तरीही अर्धं काम नियमांनी आधीच सांगून ठेवलंय. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा पुस्तिकेत स्थावर मालमत्तांच्या नोंदवह्या आणि घसारा (झिजेपोटी दरवर्षी वहीतली किंमत कमी करणं) आहे. ग्रामपंचायतींनासुद्धा नमुना २२ मध्ये स्थावर मालमत्ता आणि नमुना २३ मध्ये रस्ते लिहावे लागतात. नोंदवह्या प्रामाणिकपणे भरलेल्या असतील, तर आराखड्याचा पाया तयारच आहे.

५. यादी सुरू कुठून करायची? जुने नकाशेच सापडत नाहीत.

चावीवाल्यांपासून करा, म्हणजे गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या कामगारांपासून.

मी नोकरीत असताना एका गावात रात्री साडेअकराला मुख्य नळी फुटली. पाणी दुकानांत शिरत होतं. नकाशात व्हॉल्व्ह चौकाच्या डाव्या अंगाला दाखवलेला. दोन तास उकरलं, काही नाही. शेवटी वर्षभरापूर्वी निवृत्त झालेल्या चावीवाल्यांना त्यांच्या घरून आणलं. त्यांनी बॅटरी घेतली, पानपट्टीच्या पायरीपासून सहा पावलं मोजली आणि पायाने दाखवलं, ‘हितं हाय बघा सायेब.’ डांबराच्या दोन थरांखाली चेंबरचं झाकण निघालं. व्हॉल्व्ह बंद व्हायला आणखी वीस मिनिटं गेली, कारण तो उलट्या आट्यांचा होता आणि हे फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या रात्री मला पटलं की त्या गावाची पाणी योजना कार्यालयातल्या कपाटात नव्हती, एका माणसाच्या डोक्यात होती. आणि त्या माणसाला आपण निरोपाचा नारळ देऊन मोकळे झालो होतो.

म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक चावीवाल्याबरोबर त्याच्या भागात पायी फिरा. मोबाईलवर प्रत्येक व्हॉल्व्हचं ठिकाण नोंदवा, फोटो काढा, आणि चार गोष्टी लिहा: नळीचा व्यास, व्हॉल्व्ह किती आट्यांत आणि कुठल्या बाजूला बंद होतो, तो बंद केल्यावर कुठल्या गल्ल्यांचं पाणी जातं, आणि तो शेवटचा कधी फिरवला होता. निवृत्तीला आलेल्यांचा भाग आधी घ्या. त्यांच्या नावानिशी नोंद ठेवा, तो त्यांचा मान आहे. मग जुनी मोजमाप पुस्तकं, ठेकेदारांची बिलं आणि डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) पडताळा. बिलावरून नळी कुठल्या साली पडली ते कळतं, आणि ते साल पुढच्या सगळ्या हिशोबाला लागतं.

६. यादीत किती बारीक जायचं? प्रत्येक खुर्ची लिहायची का?

खुर्च्या डेड स्टॉकमध्ये राहू द्या. ज्या वस्तूचा बदल वेगळा करावा लागतो, ती वेगळी लिहायची. पाण्याची टाकी ही एक नोंद नाही. काँक्रीटचं बांधकाम, आतल्या-बाहेरच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह वेगळे, कारण नळ्या टाकीच्या कितीतरी आधी सडतात.

७. कुठल्या वस्तूचं आयुष्य किती धरायचं?

सुरुवातीला केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा पुस्तिकेतल्या संकल्पन मुदती, म्हणजे वस्तू किती वर्षांसाठी आखायची ते आकडे, घ्या. पंप आणि मोटारी १५ वर्षं, नळ्या आणि वितरण व्यवस्था ३० वर्षं, उपसा केंद्राचं बांधकाम ३० वर्षं. एलईडी दिवा ५०,००० तासांचा म्हणून विकत घेतला असेल, तर रोज ११ तासांच्या हिशोबाने तो साधारण १२ वर्षं चालावा. प्रत्यक्षात दिव्याला वीज पुरवणारा खांबावरचा ड्रायव्हर (छोटा वीजसंच) आधी जातो, हे तुमचे वायरमन सांगतील.

पण हे आकडे म्हणजे पंचांग नव्हे. पंचगंगेवरचा दगडी शिवाजी पूल १८७० च्या दशकातला आहे आणि महापुराचे तडाखे खाऊन उभा आहे. उलट वीस वर्षांत चाळणी झालेली लोखंडी नळीही मी हातात धरली आहे. म्हणून वयाशेजारी अवस्थेचा रकाना ठेवा, १ ते ५ गुणांचा, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहून भरा. नळी दिसत नाही, पण तिच्या गळत्या मोजता येतात. एकाच गल्लीत वर्षात चार वेळा गळती काढावी लागली, तर ती नळी आपली अवस्था सांगतेच आहे. गळती काढण्याच्या वहीत तारीख, ठिकाण आणि नळीचा प्रकार लिहायची सवय लावा. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी माहिती दुसरी नाही.

८. दरवर्षी किती लागतील, हे सोप्या भाषेत कसं काढायचं?

समजा तुमच्या गावात ६० किलोमीटर वितरण नळ्या आहेत आणि आयुष्य ३० वर्षं धरलं. म्हणजे दरवर्षी सरासरी २ किलोमीटर बदलल्या पाहिजेत. आता मागच्या पाच वर्षांत प्रत्यक्षात किती बदलल्या ते काढा. वर्षाला ४०० मीटर निघाल्या, तर ६० किलोमीटर संपवायला १५० वर्षं लागतील. आज टाकलेली नळी १५० वर्षं टिकेल, असं आपण न बोलता गृहीत धरून चाललोय, असा त्याचा अर्थ. हा एक आकडा सभेत मांडला की मोठमोठे अहवाल वाचून न पटलेलं पटतं, हा माझा अनुभव आहे.

हाच हिशोब रस्ते, दिवे, पंप, गाड्या सगळ्यांना लावा. मग सालवार मांडा, कारण सगळं एकाच वेगाने पडलेलं नसतं. एखाद्या योजनेत एकाच वर्षी २० किलोमीटर नळी पडली असेल, तर ३० वर्षांनी तेवढीच एकदम दारात उभी राहणार. पालिकेच्या कागदावर या डोंगराचं चित्र प्रथमच उमटतं तेव्हा बैठकीत एकदम शांतता होते. ती चांगली खूण समजा.

९. आम्ही घसारा धरतोच. मग वेगळा निधी कशाला?

घसारा हा हिशोबातला खर्च आहे. त्याने तिजोरीत रुपया जमा होत नाही. शिवाय घसारा मूळ किमतीवर असतो. पंचवीस वर्षांपूर्वी जी टाकी ज्या किमतीत बांधली, त्या किमतीत आज तिचा पाया तरी होईल का? पूर्ण घसारा झालेली वस्तू वहीत १ रुपयाला दिसते. ती अख्ख्या पेठेला पाणी देत असते, पण कागदावर तिची किंमत चहापेक्षा कमी. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवा, पुस्तकी किंमत आणि आजच्या दरसूचीने (सरकारी दरांच्या यादीने) नवीन करायची किंमत. निधी ठरवायचा तो दुसऱ्या आकड्यावरून.

१०. पगार भागवतानाच नाकी नऊ येतात. निधी कुठून बाजूला काढायचा?

हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो तो मला ठाऊक आहे, मी स्वतः विचारलाय. खरं दुखणं असं आहे की नवीन बांधायला अनुदान मिळतं, जुनं सांभाळायला सहजी मिळत नाही. केंद्राच्या, राज्याच्या योजनेतून टाकी येते, तिची वीज आणि माणूस मात्र पालिकेच्या गळ्यात. म्हणून पहिला नियम करा: नव्या कामाचा प्रस्ताव सभेपुढे येताना त्याच्याबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा आलाच पाहिजे. आकडा नसेल तर विषय पुढच्या सभेत.

दुसरं, छोटी सुरुवात करा. पाणीपट्टीच्या वसुलीतला ठरावीक हिस्सा वेगळ्या बँक खात्यात टाकायचा आणि तो फक्त नळ्या-पंप बदलण्यासाठी वापरायचा, असा ठराव करा. पहिल्या वर्षी रक्कम लहान असेल. पण खातं वेगळं असलं की त्याला हात घालायला पुन्हा सभेत यावं लागतं, आणि तिथे कुणीतरी विचारतं. तिसरं म्हणजे गाळ्यांचं भाडं, त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

११. सगळंच जुनं आहे. आधी काय बदलायचं?

सगळ्यात जुनं आधी, असं नाही. बिघडण्याची शक्यता किती आणि बिघडलं तर किती लोकांचं किती नुकसान, हे दोन्ही बघा. कोपऱ्यातल्या गल्लीची तीन इंची नळी फुटली तर वीस घरांचं एक दिवस पाणी जाईल. टाकीच्या तळाचा मुख्य व्हॉल्व्ह तुटला तर निम्म्या शहराचं. पहिली जास्त जुनी असली तरी दुसरा आधी.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसं गेली. शक्यता आणि परिणाम एकत्र न पाहिल्याची किंमत इतकी मोठी असू शकते. तुमच्या गावात छोटा ओढ्यावरचा साकव असेल, पण त्यावरून रोज शाळेची गाडी जात असेल, तर त्याचा परिणामाचा गुण सर्वात जास्त, म्हणजे ५ धरा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दोनदा खाली उतरून पाहा. वरून पाहून पूल कळत नाही.

१२. पुराचं काय? आमची अर्धी मालमत्ता दर काही वर्षांनी पाण्यात जाते.

कोल्हापुरात हा प्रश्न आराखड्याच्या मध्यभागी हवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना शहर टँकरमागे धावत होतं. ज्यांनी त्या रांगेत घागर धरली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रत्येक मालमत्तेपुढे एक रकाना वाढवा: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना ही वस्तू भिजते? पाटबंधारे विभागाची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहेच, पण त्या रेषा २५ आणि १०० वर्षांच्या पुराच्या हिशोबाने असतात. तुमच्या पंपाच्या पॅनेल बोर्डाची उंची त्यात नसते. ती तुम्हीच टेपने मोजायची. भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याचे डाग अजून दिसत असतील तर तिथे रंगाने खूण करा आणि तारीख लिहा.

मग बदलीची वेळ येईल तेव्हा जसंच्या तसं बदलू नका. मोटार बदलायचीच आहे तर पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर वर चढवा. भिजणारी शाळा दुरुस्त करताना वीजजोडणी वरून घ्या. आपत्तीच्या निधीतून घाईने होणाऱ्या दुरुस्तीत हा विचार राहून जातो आणि पुढच्या पुरात तोच पॅनेल पुन्हा बुडतो. कुरुंदवाड, शिरोळकडच्या मंडळींना मी हे सर्वात आधी सांगतो, कारण त्यांच्याकडे पाणी येतं ते लवकर उतरत नाही.

१३. थेट पाईपलाईन आली. मग जुनी उपसा केंद्रं सांभाळायची कशाला?

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं, तो दिवस मीही विसरणार नाही. पण ५० किलोमीटरहून लांबच्या एका नळीवर सगळं शहर सोडून देणं मला पटत नाही. वीज गेली, वाटेत कुठे जोड निसटला, तर पर्याय हवा. बालिंगा, शिंगणापूरसारख्या केंद्रांबाबत आराखड्यात स्पष्ट लिहा: कुठलं कायम चालू ठेवायचं, कुठलं राखीव, कुठलं कायमचं बंद. सर्वात वाईट म्हणजे न ठरवणं. राखीव म्हणून कुलूप लावलेला पंप सहा महिन्यांत जाम होतो. राखीव ठेवायचा तर पंधरवड्याला एकदा चालवायचा, त्याची नोंद करायची आणि त्याचा खर्च मान्य करायचा. बंद करायचं तर जागा आणि यंत्रसामग्रीचं काय, ते त्याच ठरावात हवं.

१४. निविदेत सगळ्यात कमी दराचाच पंप घ्यावा लागतो ना?

दर कशाचा, ते निविदेतच ठरवा. १०० अश्वशक्तीची मोटार म्हणजे साधारण ७५ किलोवॅट. रोज १६ तास चालली तर वर्षाला सुमारे ४ लाख ३८ हजार युनिट. स्वस्तातला पंप त्याच पाण्याला १० टक्के जास्त वीज खात असेल तर सुमारे ४४ हजार युनिट जादा. युनिटला ७ रुपये धरले तरी वर्षाला ३ लाखांवर, आणि असं पंधरा वर्षं. म्हणून खरेदी, वीज आणि देखभाल यांची एकत्रित किंमत तुलनेला धरायची, अशी अट निविदा काढतानाच घाला. लिफाफे उघडल्यावर ती घालता येत नाही.

१५. ठेकेदाराची दोषदायित्व मुदत चालू आहे. तोपर्यंत आम्ही काय करायचं?

ही म्हणजे ठेकेदाराने आपल्या कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. तिची तारीख लिहून ठेवायची. रस्ता पहिल्याच पावसात उखडतो, आणि मुदत कधी संपली हे कुणी पाहिलेलंच नसतं. सुरक्षा ठेव ठेकेदार घेऊन जातो आणि खड्डे पवडीच्या पॅचवर्कवर येतात. यादीत मुदत संपण्याची तारीख भरा, त्याच्या तीन महिने आधी संयुक्त पाहणी करा, फोटोंसह दोष लेखी कळवा. मुदतीत दुसऱ्या कुणी रस्ता उकरला तर ठेकेदार हात वर करतो. म्हणून रस्ते खुदाईची परवानगी देताना त्या रस्त्याची मुदत आधी तपासा.

१६. आमदार फंडातून ओपन जिम आली. एक यंत्र मोडलंय आणि मुलाचा हात कापला. दुरुस्ती कुणाची?

बागेची जागा पालिकेची आणि वस्तू पालिकेच्या ताब्यात दिलेली असेल, तर पालिकेची. खासदार निधीच्या नियमांत तर काम मंजूर होण्याआधीच वापरणाऱ्या संस्थेने देखभालीची हमी द्यायची असते. ती हमी कुणाच्या सहीने गेली ते आधी शोधा. मोडलेलं यंत्र आजच बांधून ठेवा किंवा काढून टाका, दुरुस्तीची मंजुरी नंतर येऊ दे. आणि फुकट आलेली वस्तूही त्याच दिवशी यादीत घ्या. ज्या वस्तूची नोंद नाही, तिची कुणी पाहणी करत नाही, आणि लहान मुलं तिच्यावर रोज चढतात.

१७. आमच्या ले-आउटमधला रस्ता महापालिकेचा की आमचा?

कागद बघा. अंतिम मंजूर रेखांकन, खुल्या जागा आणि रस्ते हस्तांतरित केल्याची ताबा पावती, आणि प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारावर कुणाचं नाव आहे ते. मंजुरी झाली पण ताबा दिलाच नाही, असं उपनगरांत पुष्कळदा निघतं. तोवर पालिका पैसे घालायला कचरते आणि रहिवासी चिखलातून जातात. दोघांनी मिळून हस्तांतरण पूर्ण करून घ्या. पालिकेने ताबा घेताना रस्ता, गटार, दिवे यांची अवस्था लिहून घ्यावी, म्हणजे आराखड्यात त्यांचं वय बरोबर पडेल. हद्दवाढीचा प्रश्नही याच जातीचा आहे. उद्या शहरालगतची गावं आत आली तर त्यांच्या टाक्या, नळ्या, शाळा, आणि त्यांची थकलेली बिलंसुद्धा आत येतील. त्या गावांचे नमुना २२ आणि २३ आताच मागवून पाहायला कुणाची हरकत नसावी.

१८. वापरात नसलेल्या जागा विकून पैसा उभा करावा का?

मी सहसा नाही म्हणतो. जमीन एकदाच विकता येते, आणि शाळेला, टाकीला शहरात पुन्हा जागा घ्यायची म्हटली तर मिळत नाही. १९४९ च्या अधिनियमाचं कलम ७९ विक्री आणि भाडेपट्ट्याबद्दल आहे आणि चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्याला वाव देत नाही. त्याआधी भाड्याकडे पाहा. कितीतरी ठिकाणी गाळ्याचा करार संपून वर्षं झाली, भाडं जुनंच, आणि आत मूळ गाळेधारकही नाही. करार संपण्याची तारीख यादीत असेल तर नूतनीकरणाची नोटीस वेळेत जाते. गाळेधारकांवर एकदम वीस वर्षांची वाढ लादली की प्रकरण न्यायालयात जातं आणि दोघंही अडकतात. ठरावीक वर्षांनी ठरावीक वाढ करारातच असावी. ते दोघांच्याही भल्याचं आहे.

१९. केशवराव भोसले नाट्यगृहासारख्या वारसा वास्तूचं आयुष्य किती धरायचं?

तिथे आयुष्याचा रकाना रिकामा ठेवा. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह कधीतरी ‘बदलायचं’ असा हिशोबच करता येत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा खासबागेच्या बाजूला उभी राहून माणसं रडत होती, आणि ती काही पुस्तकी किमतीसाठी रडत नव्हती.

अशा वास्तूसाठी वेगळं पान करा. बांधकामाची नियमित तपासणी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या अल्पायुषी गोष्टींची वेगळी यादी: वायरिंग, वातानुकूलन, पडदे, अग्निशमन यंत्रणा. दगडी भिंत शंभर वर्षं टिकते, तिच्यावरची वायर टिकत नाही. विमा नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या हिशोबाने आहे ना, हे दरवर्षी तपासा. मूळ बांधणीचे तपशील, लाकडाचे जोड, मापं, फोटो आधीच जपून ठेवा. संरक्षित स्मारकाच्या आसपास काम असेल तर वेळेचा हिशोबही वेगळा धरा. ब्रह्मपुरी टेकडीभोवतीच्या १०० मीटरच्या निर्बंधात पर्यायी शिवाजी पुलाचं काम किती वर्षं अडकलं, ते आपण पाहिलंच आहे.

२०. खासगीकरणातून केलेले रस्ते यादीत घ्यायचे का?

हो, पहिल्या दिवसापासून. कराराच्या काळात देखभाल दुसऱ्याकडे असली तरी शेवटी रस्ता शहराचाच. शहरातल्या रस्ते प्रकल्पाचा टोल २०१३ मध्ये सुरू झाला आणि मोठ्या आंदोलनानंतर रद्द झाला. टोल गेला, रस्ते राहिले, आणि त्यांची देखभालही राहिली. करार मुदतीआधी संपला तर कुणी काय, कुठल्या अवस्थेत ताब्यात घ्यायचं, हे कलम सहीच्या आधी वाचा. लोकांना पैसे द्यावे लागणार असतील तर तेही त्यांना आधीच, त्यांच्या वॉर्डात जाऊन सांगा.

२१. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

पहिलं वर्षभर साधी एक्सेल पुरते. माहिती खरी आणि ताजी ठेवणारा माणूस आधी नेमा. मी महागडी नकाशा प्रणाली पाहिली आहे, जिच्यात तीन वर्षांत एकही नवी नळी चढली नव्हती.

२२. मी साधा नागरिक आहे. मी काय मागू शकतो?

अंदाजपत्रक येण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच मागा. तुमच्या प्रभागातल्या नळ्यांची लांबी आणि त्या कुठल्या साली पडल्या, मागच्या तीन वर्षांत कुठे किती गळत्या काढल्या, आणि दोषदायित्व मुदतीत असलेल्या रस्त्यांची यादी, एवढे तीन कागद. माहिती अधिकारात अर्ज केलात तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी विभागीय कार्यालयात जाऊन कनिष्ठ अभियंत्याला नीट भेटा. माहिती नाही असं उत्तर आलं तर रागावू नका, प्रश्न ५ मधलं काम तिथे व्हायचं राहिलंय. तालमीतली चार पोरं चावीवाल्याबरोबर एक रविवार फिरायला तयार असतील, तर ते सांगून बघा. मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत ज्या गल्ल्या मला नकाशावर सापडल्या नाहीत, त्या मला तिथल्या पोरांनीच दाखवल्या.